कृष्णा कालव्याची अभ्याससहल : ज्येष्ठांसाठी आखणी कशी करावी

सांगली-साताऱ्याकडे ज्येष्ठ नागरिकांची सहल म्हटली की औदुंबर आणि नृसिंहवाडी ही नावे आपोआप पुढे येतात. त्यात गैर काही नाही. परंतु पाण्याच्या पाळीसाठी ज्या पिढीने रात्री बांधावर जागून काढल्या, तिला तोच पाट अभ्यासाचा विषय म्हणून पुन्हा दाखवण्यात वेगळी गंमत आहे. त्यासाठी कराडच्या वरच्या अंगाला खोडशी येथे कृष्णेवर असलेला बंधारा आणि त्यातून निघणारा कृष्णा कालवा यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हे काम १८६० च्या दशकातले असून कालवा नदीच्या डाव्या तीराने पलूस-तासगावच्या दिशेने जातो.

सहलीची तारीख पंचांग पाहून नव्हे, तर आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, पाहून ठरवावी. आमच्या पहिल्या सहलीत मी हीच चूक केली. गाडी, न्याहारी, टोप्या अशी सगळी सिद्धता होती, आणि कालव्यात मात्र शेवाळलेला गाळ व दोन म्हशी. सिंचनाच्या हिशेबात रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी असा धरतात. ऊन सौम्य असल्याने ज्येष्ठांसाठी हाच काळ बरा. तरीही पाणी नेमके कधी सुटणार हे पाटबंधारे विभागाच्या स्थानिक शाखेत विचारावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पाटकऱ्याकडून, म्हणजे कालव्याचे पाणी वाटून देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, पुन्हा खात्री करून घ्यावी. बंधाऱ्यावर जाण्याची व छायाचित्रे घेण्याची परवानगी त्याच कार्यालयाकडे लेखी अर्ज करून आधीच मिळवावी.

मंडळी वीसच्या आत असावीत, कारण वाहत्या पाण्याच्या काठी मागच्या माणसाला ऐकू गेले नाही की तो पुढे सरकतो आणि नको तिथे उभा राहतो. कराडपर्यंत एसटीने गेल्यास ७५ वर्षांवरील प्रवाशांना तिकीट लागत नाही आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. मात्र आधार कार्ड जवळ असावे. पुढे छोटी गाडी ठरवावी. काठावरच्या वाटेने एका वेळी अर्ध्या किलोमीटरपेक्षा अधिक चालवू नये, काठी व घट्ट बसणारी पादत्राणे आणायला सांगावे, आणि स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे हे स्वतः आधी जाऊन पाहून यावे. ही शेवटची गोष्ट आयोजक हमखास विसरतात.

सकाळी प्रथम प्रीतिसंगमावर जावे. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात ते पाहून झाल्यावर मंडळींना एक प्रश्न घालावा : कोयनेचे पाणी या कालव्यात येते का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. खोडशी संगमाच्या वर असल्याने ते तिथे चढणे शक्यच नाही, हे बंधाऱ्यावर उभे राहिल्यावर आपोआप उमगते. धोम, कण्हेर ही धरणे फार पुढच्या काळातली आहेत. त्यांच्याआधी उन्हाळ्यात नदी आटली की कालव्याला आधार कशाचा, हा पुढचा प्रश्नही तिथेच निघतो.

त्यानंतर कालव्याच्या काठाने थोडे चालावे. कालवा अगदी अल्प उतार राखत, जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घालत जातो. त्याच्या खालच्या अंगाला पाणी आपसूक उतरते, वरच्या अंगाला मात्र ते उपसूनच न्यावे लागते. दोन्ही बाजूंची पिके निरखायला लावली की निराळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

याच टप्प्यात पाणी मोजण्याचा प्रयोग घ्यावा, पण तो मुख्य कालव्यावर नव्हे, तर त्यातून शेताकडे निघालेल्या उथळ, सरळ वाहणाऱ्या चारीवर. काठावर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात, वरच्या खुणेशी करंजाचे पान सोडावे आणि एकाने घड्याळ धरावे. पानाला १७ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर झाला. तळाशी पाणी संथ असते, म्हणून त्याला ०.८५ ने गुणावे. चारी १ मीटर रुंद आणि पाणी अर्धा मीटर खोल असेल, तर सेकंदाला साधारण २५५ लिटर, म्हणजे ९ क्युसेक, कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर. पुराच्या दिवसांत ‘इतके हजार क्युसेक विसर्ग’ असे वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसांच्या हाती ते माप इथे प्रथमच येते. आमच्याकडील एका निवृत्त शिक्षकांनी तीन वेळा पान सोडून सरासरी काढल्याखेरीज जागा सोडली नव्हती.

दुपारचे जेवण किर्लोस्करवाडीच्या बाजूला ठेवावे. औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये वसलेल्या या वसाहतीतून नांगर व पुढे पंप शेतापर्यंत गेले, त्यामुळे पाटाच्या पाण्यानंतर उपशाच्या पाण्याचा विषय तिथे सहज निघतो.

जेवणानंतर तासभर मंडळींनाच बोलू द्यावे. शेजपाळी, म्हणजे शेतकऱ्यांनी ओळीने पाणी घेण्याचा क्रम, कशी ठरे, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज कोण भरून देई, बारे (शेतात पाणी घेण्याचे तोंड) फोडल्यावरून भावकीत काय होई, हे एकाने लिहून घ्यावे. बोलणाऱ्याची संमती असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रणही करावे. परतताना कालव्याच्या शेपटाकडील एखाद्या शेतकऱ्याची आधी वेळ घेऊन त्याच्या बांधावर थांबावे आणि त्याच्यापर्यंत पाणी कितव्या दिवशी पोहोचते, एवढेच विचारावे. गाडी मात्र दिवेलागणीपूर्वी सांगलीच्या रस्त्याला लागलेली असावी.