न्यू जर्सीत तिकीट मिळालं तर

नवीन घरात सोफा येण्याआधी पहिलं तिकीट, म्हणजे वाहतूक पोलिसाचं चलन, येतं, असा आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनकडचा अनुभव आहे. ताशी ४० मैल मर्यादेच्या रस्त्यावर ५३ ने जाणं पुण्या-मुंबईच्या माणसाला वेग वाटतच नाही. मागे लाल-निळे दिवे लागले की उजवीकडे गाडी घ्या, काच खाली करा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि गाडीतच बसून राहा. आपण सवयीने दार उघडून 'साहेब, जरा ऐका ना' करत उतरतो. इथे ते करू नका. आणि चिरीमिरीचा विचार तर मनातसुद्धा आणू नका, तो वेगळाच गुन्हा होईल.

कॉप, म्हणजे पोलीस, लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड मागेल. लायसन्स घरी विसरलात तर त्याचं वेगळं तिकीट मिळतं, पण कोर्टात वैध लायसन्स दाखवलंत तर न्यायाधीश बहुधा ते मिटवतात. मुळात लायसन्सच नसेल तर गोष्ट वेगळी. न्यू जर्सीत त्याला ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा ६० दिवसांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. वर एमव्हीसी, म्हणजे इथलं आरटीओ, तीन वर्षं दरवर्षी १०० डॉलर सरचार्ज, म्हणजे दंडावरचा जादा आकार, वसूल करतं.

असं लायसन्सशिवाय कोण चालवतं? बहुतेक वेळा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामागून, आलेली वहिनी. 'शाळा तर दोन सिग्नलवर आहे, सोडून येते.' कळतं मला, मीही आल्यावर आठ महिने घरातच बसून काढले. पण भारतातलं लायसन्स आणि आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, हे पाहुण्यासाठी आहे. इथे राहायला आलात की इथलं लायसन्स काढायचं: लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी, रोड टेस्ट. आयडीपी मात्र निघण्याआधी आपल्या आरटीओतूनच आणा, भारताच्या लायसन्सवरचा तो इथे मिळत नाही. दुसऱ्या राज्याचं लायसन्स घेऊन आलात तर ६० दिवसांत बदलून घ्या.

आता पॉइंटचं, म्हणजे चुकीमागे लायसन्सवर चढणाऱ्या गुणांचं, गणित. मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त वेग असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ मैलांपर्यंत ४, ३० आणि त्यावर ५. थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडलंत तर सरळ ५. बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानेही २५ फुटांवर थांबायचं असतं, मध्ये दुभाजक असला तरच जपून हळू पुढे जाता येतं. हे आपल्याकडच्या मंडळींना लवकर अंगवळणी पडत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मिळालेलं तिकीट 'तिकडचं तिकडे' राहत नाही, त्याचे २ पॉइंट इथे येतात. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की सरचार्ज सुरू, १२ झाले की लायसन्स निलंबित. वर्षभर काही न घडता गेलं तर ३ पॉइंट कमी होतात.

दंडापेक्षा जास्त चटका इन्शुरन्सचा बसतो, तोही पुढची काही वर्षं. म्हणून कोर्टात गेलं की प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, कधी कधी 'अनसेफ ड्रायव्हिंग'वर प्ली देतो, म्हणजे मूळ आरोपाऐवजी हा सौम्य आरोप कबूल करू देतो. त्याला पॉइंट नसतात, पण दंडाखेरीज २५० डॉलर सरचार्ज असतो. पहिल्या दोन वेळा हे चालतं, तिसऱ्यांदा ४ पॉइंट लागतात. एरवी साध्या तिकिटाला वकील करू नका, वकिलांचे फोन वाजायला लागले की समजा तुमचं तिकीट सार्वजनिक नोंदीत दिसलंय. मोठ्या वेगाचं, अपघाताचं, किंवा व्हर्जिनियातलं असेल तर मात्र नक्की करा. तिथे मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा ८५ च्या वर गेलात की 'रेकलेस ड्रायव्हिंग', आणि तो फौजदारी गुन्हा असतो.

माझी स्वतःची चूक सांगते. २०११ साली तिकीट मिळालं, पर्समध्ये ठेवलं, त्याच महिन्यात घर बदललं. महाराष्ट्रात ई-चलन थकवून लोक लोकअदालतीतल्या सवलतीची वाट बघतात, तशीच 'भरू सावकाश' वृत्ती. कोर्टाची तारीख निघून गेली, नोटीस जुन्या पत्त्यावर. तिथे राहायला आलेल्या तमिळ ताईंनी फोन केला म्हणून कळलं की माझं लायसन्स निलंबित झालंय. दंड, वर कोर्टाचा खर्च, लायसन्स परत सुरू करायला १०० डॉलर. दहा दिवस मुलाला शेजारणीने शाळेत नेलं. नशीब तोवर रस्त्यावर कोणी अडवलं नाही. निलंबित लायसन्सवर पकडलं तर पहिल्याच वेळी ५०० डॉलर आणि निलंबन आणखी वाढू शकतं. म्हणून तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि घर बदललं की आठवड्याच्या आत एमव्हीसीला आणि १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून इमिग्रेशनला पत्ता कळवा.

व्हिसाचं सगळेच विचारतात. साधं वेगाचं तिकीट म्हणजे अटक नव्हे. पण दारू पिऊन गाडी चालवणं वेगळं. न्यू जर्सीत ती वाहतूक गुन्ह्यातच मोडते, तरीही २०१५ पासून नुसत्या अटकेवरून अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. मग पुढे भारतात स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला, गेलात की वैद्यकीय तपासणी आलीच. गणपतीच्या कार्यक्रमानंतरच्या पार्टीत दोन पेग झाले असतील तर उबर करा, एवढंच.

आणखी एक. लायसन्सची मुदत आय-९४ ला, म्हणजे इथे राहायच्या परवानगीच्या नोंदीला, जोडलेली असते. एच-१बी वाढवण्याचा अर्ज प्रलंबित असला तरी नोकरी २४० दिवस चालू राहते, पण लायसन्सच्या कार्डावरची तारीख संपते. काही महिने आधीच कामाला लागा, नाहीतर कामावर जायचं, पण गाडी चालवायची नाही, अशी गत होते. तिकीट निकाली निघालं की कोर्टाच्या खिडकीवरून 'डिस्पोझिशन'चा, म्हणजे निकालाचा, कागद मागून घ्या. सिटिझनशिपच्या अर्जात ५०० डॉलरच्या आतल्या साध्या दंडाचे पुरावे सहसा जोडावे लागत नाहीत, तरी तो कागद ग्रीन कार्डच्या फायलीत ठेवा.