कुत्र्या-मांजरांचं लिव्हर आणि पॅन्क्रियाज: या चुकांत वेळ घालवू नका

गणपती झाले की दरवर्षी माझ्या दवाखान्यात एखादं तरी गुबगुबीत मांजर येतं, ज्याने आठवडाभर धड काही खाल्लेलं नसतं. घरचे सगळे कोकणात गेलेले असतात. शेजारच्या काकू रोज न चुकता वाटी भरून ठेवतात, पण मांजर तिला तोंड लावत नाही. दोन वर्षांपूर्वी मनी आली ती अशीच. वजन सहा किलो, पिशवीतून बाहेर काढली तरी मान टाकून बसलेली. "आम्ही सोडून गेलो ना डॉक्टर, म्हणून रुसलीय ती," ताई म्हणाल्या. मी तिला खिडकीपाशी नेलं, कानाची पाळी उलटी करून उजेडात धरली. आतली कातडी हळद कालवलेल्या पाण्यासारखी पिवळी होती.

"रुसलंय, भूक लागली की खाईल"

कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर थोडं थांबता येतं. मांजराचं तसं नाही. पोटात अन्न गेलं नाही की शरीर साठवलेली चरबी काढून लिव्हरकडे पाठवायला लागतं. मांजराच्या लिव्हरला एवढ्या चरबीचा निपटारा करता येत नाही, ती पेशींमध्येच साचते आणि लिव्हर काम सोडतं. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. मांजर जितकं लठ्ठ, तितका हा धोका मोठा. एकदा लिव्हर असं चरबीने भरलं की मळमळ वाढते आणि मळमळीमुळे खाणं आणखी तुटतं. म्हणून मांजर २४ तास जेवलं नाही तर मला फोन करा आणि ४८ तास झाले तर घेऊनच या. उलट्या होत नसल्या तरी या.

या आजारावर मुख्य औषध म्हणजे अन्न. मळमळीचं इंजेक्शन, सलाईन, व्हिटॅमिन के, बी-१२ हे सगळं देतोच, पण पोटात रोज पुरेसं अन्न गेलं नाही तर त्याचा उपयोग होत नाही. इथे घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे सिरिंजने तोंडात कोंबणं. मांजर धडपडतं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय त्या वासाचीच त्याला कायमची शिसारी बसते. त्यापेक्षा मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवणं कितीतरी सुखाचं. थोडी भूल द्यावी लागते आणि काम लवकर होतं. नळीचं नाव काढलं की घरचे घाबरतात, हे मी रोज बघते. पण ती बसवल्यावर मांजराला धरावं-दाबावं लागत नाही. मांडीवर झोपलेलं असताना पातळ केलेलं खाणं हळूहळू देता येतं.

एक मात्र सांभाळा. पहिल्याच दिवशी पूर्ण खुराक देऊ नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपकन खाली येतं आणि मांजर त्यानेच दगावू शकतं. सुरुवात गरजेच्या पाव ते एक तृतीयांश भागाने करतो, मग तीन-चार दिवसांत वाढवत नेतो.

मनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. तिने खाणं का सोडलं, हे शोधताना पॅन्क्रियाजला, म्हणजे पाचकरस बनवणाऱ्या स्वादुपिंडाला, सूज सापडली. मांजरात पॅन्क्रियाजची नळी आतड्यात उघडण्याआधी पित्तनळीला मिळते. म्हणून आतडं, पॅन्क्रियाज आणि पित्तमार्ग तिन्ही एकदम बिघडलेले अनेकदा दिसतात. मांजरात नुसतं "फॅटी लिव्हर" असं निदान लिहून थांबणं ही आम्हा डॉक्टरांची चूक असते. लिव्हर चरबीने भरायच्या आधी काय झालं होतं, हे विचारलंच पाहिजे.

"गॅस झालाय, दोन दिवस उपाशी ठेवा"

गटारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुत्रे येतात. मटणाची चरबी, चिकनची कातडी, रश्श्यावरची तर्री प्रेमाने वाढलेली असते. मग उलट्या सुरू होतात. घरचे ॲसिडिटीची गोळी देतात, पाणीसुद्धा बंद करतात आणि तीन दिवसांनी आणतात.

पॅन्क्रियाजचे पाचकरस आतड्यात पोहोचल्यावर जागे व्हायला हवेत. पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे पॅन्क्रियाज सुजल्यावर, ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. वेदना भयंकर असते. कुत्रा पुढचे दोन्ही पाय जमिनीवर पसरतो, छाती खाली टेकवतो, ढुंगण वर. बघणाऱ्याला वाटतं आळस देतोय. आळस दोन सेकंदांत संपतो. हा कुत्रा पुन्हा पुन्हा तसाच उभा राहतो, उचलायला गेलं की कण्हतो. असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून घेऊन या. दवाखान्यात टेबलवर घाबरलेला कुत्रा दुखणं लपवतो. मांजर तर घरीही लपवतं, त्याला उलटी झालीच पाहिजे असंही नाही. नुसतं कोपऱ्यात बसून राहतं.

पूर्वी आम्हीही पॅन्क्रियाजला विश्रांती म्हणून दोन-तीन दिवस तोंडाने काही द्यायचो नाही. आता तसं करत नाही. उपाशी आतड्याचं अस्तर खराब होतं, त्यामुळे उलटी आटोक्यात आली की थोडं थोडं खाणं सुरू करतो. पण त्याआधी सलाईनने पाणी भरून काढणं, मळमळ थांबवणं आणि वेदनाशामक चांगल्या मात्रेत देणं. दुखणं कमी केल्याशिवाय कुत्रा खात नाही. अँटिबायोटिक मात्र प्रत्येकाला लागत नाही. हा बहुतेक वेळा जंतूंचा आजारच नसतो.

बरा झाल्यावर कुत्र्याला कमी चरबीचं जेवण द्या. कातडी काढलेल्या चिकनचा छातीचा भाग उकडून आणि भात, हे तात्पुरतं चालतं. पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. भातावर तुपाची धार नको, साय नको, पनीर नको. "एवढंसं तूप काय करतंय" म्हणून दुसऱ्यांदा सलाईनवर आलेले कुत्रे मी पाहिलेत. मिनिएचर श्नाउझर असेल तर रक्तातली चरबी तपासून घ्याच, या जातीत ती जन्मजात जास्त असू शकते. मांजराला असं चरबी तोडण्याची गरज सहसा नसते. ते जे खाईल ते खाऊ दे.

रिपोर्टमधल्या आकड्यावर औषध

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, एका आकड्यापुढे लाल खूण असते आणि लगेच प्रश्न येतो, "लिव्हर सुजलंय ना?" काही गोष्टी लक्षात ठेवा.

एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम. ते वाढलं म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली, एवढंच कळतं. लिव्हर काम करतंय का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन बघावं लागतं. शंका राहिली तर उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बाइल ॲसिडची (पित्तातल्या आम्लांची) टेस्ट. पार सुकून गेलेल्या लिव्हरमध्ये एसजीपीटी नॉर्मलही असू शकतं, कारण फुटायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात.

अल्कलाइन फॉस्फेटेज या दुसऱ्या एन्झाइमने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कुत्र्याला खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल, फिटची गोळी चालू असेल किंवा पिल्लू वाढीच्या वयात असेल, तरी हा आकडा चढतो. म्हणून कोणतं इंजेक्शन कधी झालं, हे डॉक्टरांना आठवून सांगा. मांजरात मात्र तो थोडा जरी वाढला तरी मी दचकते. कुत्र्याच्या रक्तात हे एन्झाइम निम्म्यावर यायला सुमारे ७० तास लागतात, मांजराच्या रक्तात जेमतेम ६ तास. इतक्या झटपट जाणारी गोष्ट रक्तात टिकून दिसते, म्हणजे मागे बिघाड चालू आहे.

पॅन्क्रियाजसाठी अमायलेज-लायपेज या पाचक एन्झाइमांच्या साध्या टेस्टवर विसंबू नका. किडनी बिघडली तरी ते वाढतात आणि पॅन्क्रियाज सुजलेला असतानाही नॉर्मल राहू शकतात. पॅन्क्रियाजच्या लायपेजची वेगळी टेस्ट असते, तिची झटपट किटही मिळते. किट निगेटिव्ह आली तर कुत्र्यात हा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह आली म्हणून मात्र शोध थांबवायचा नाही. गिळलेला चेंडू किंवा आंब्याची कोय आतड्यात अडकली तरी उलट्या अशाच होतात, म्हणून एक्स-रे आणि सोनोग्राफी हवीच. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पॅन्क्रियाटायटिस नाही असं होत नाही, मांजरात तर मुळीच नाही.

"पिवळा झाला, म्हणजे लिव्हर गेलं"

पावसाळ्यात कुत्रा पिवळा पडला की मी आधी गोचीड शोधते, कानात आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लिव्हर ठीक असूनही कावीळ दिसते. लघवी चहासारखी किंवा लालसर होते. रक्त तपासून पेशी किती उरल्यात हे कळायला काही मिनिटं लागतात. ते न करता लिव्हरचं टॉनिक सुरू करण्यात कुत्र्याचे महत्त्वाचे दोन दिवस जातात.

दुसरं कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो येतो, लिव्हर आणि किडनी दोन्हींवर घाव घालतो आणि माणसालाही होतो. पिवळ्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. लसीकरणाचं कार्ड सोबत आणा. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते आणि नेमकी तीच राहून गेलेली असते.

तिसरं, पित्तनळी तुंबणं. इथे सोनोग्राफीशिवाय पित्त वाहतं करण्याचं औषध सुरू करणं धोक्याचं, कारण वाटच बंद असते.

घरातल्या डब्यातली गोळी

मांजराला ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, श्वास चढतो. कुत्र्यात जास्त मात्रेने लिव्हर जळतं. गोळी पोटात गेलीच असेल तर पाकीट घेऊन तडक निघा. त्यावर उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका चालतो. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ) कुत्र्याची साखर धाडकन पाडतं आणि लिव्हरही निकामी करू शकतं. सोसायटीच्या बागेत सायकस हे पामसारखं दिसणारं विषारी झाड लावलेलं असतं, पिल्लांना त्याच्या बिया चघळायला देऊ नका. पावसाळ्यात ओल धरलेली शेंगदाण्याची पेंड, बुरशी आलेलं मक्याचं पीठ किंवा उघडं राहिलेलं कोरडं खाणं फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळूनही जात नाही.

लिव्हरचा आजार म्हणून अंडी-चिकन सरसकट बंद करणंही चूक आहे. प्रोटीन कमी करायचं ते अमोनिया मेंदूत चढत असेल तेव्हा. जेवल्यावर कुत्रा भेलकांडतो, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो, ही त्याची खूण. बाकीच्या लिव्हरना दुरुस्तीसाठी प्रोटीन लागतंच.

मनीची नळी पाचव्या आठवड्यात काढली. त्याच्या चार दिवस आधी ताईंनी मला व्हिडिओ पाठवला होता. ओट्यावर बोंबील साफ करायला घेतले होते आणि ही मानेला बँडेज असलेली बया दोन पायांवर उभी राहून ओट्याची कड ओरबाडत होती.