गेमिंग पॉडकास्टवर श्रोत्यांचे प्रश्न: मागवण्यापासून कापण्यापर्यंत

"काही प्रश्न असतील तर जरूर पाठवा" असं भागाच्या शेवटी म्हटलं की दोनच प्रकारचे प्रश्न येतात. "सगळ्यात भारी गेम कोणता?" आणि "साठ हजारांत चांगला पीसी बसेल का?" यात श्रोत्यांचा दोष नाही. आवाहन मोघम असेल तर प्रश्नही मोघमच येणार. सर्व्हायव्हल हॉररसारखा, म्हणजे मोजक्या साधनांवर जीव वाचवायच्या भीतीच्या गेमसारखा विषय असेल तर हे आणखी जाणवतं, कारण तिथे सगळी गंमत तपशिलात असते: किती गोळ्या उरल्या होत्या, सेव्ह कधी केलं होतं, दाराआडून कसला आवाज आला.

म्हणून आवाहनात प्रश्न मागू नका, जागा मागा. साधारण असं:

"पुढचा भाग सर्व्हायव्हल हॉररवर. भीतीने अर्धवट सोडलेला एक गेम सांगा. नेमका कुठे सोडला ते सांगा. कशावर खेळत होतात, अवघडपणा कोणता ठेवला होता, आणि गेम जुना की रीमेक, हेही सांगा. सगळं चाळीस सेकंदांत. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी दोन सेकंद गप्प राहा, मग बोला."

हे भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा. शेवटी सांगितलेलं निम्म्या लोकांपर्यंत पोचतच नाही, तोवर त्यांचा स्टॉप आलेला असतो. पुढच्या भागात पुन्हा एकदा सांगा, रविवारी रात्री प्रश्न घेणं बंद करा आणि रेकॉर्डिंग बुधवारी ठेवा. मधले दोन दिवस गेम उघडून ती जागा स्वतः पाहण्यासाठी आहेत. हॉररची उत्तरं आठवणीवर दिली की हमखास चुकतात.

चुकतात ती मुख्यतः रीमेकमुळे. "पडलेला झोंबी तसाच सोडला तर चालतं का?" हा प्रश्न पहिल्या रेझिडेंट ईव्हिलबद्दल आला, तर दोन वेगळी उत्तरं आहेत. १९९६ च्या मूळ गेममध्ये चालतं, मेलेला झोंबी मेलेलाच राहतो. २००२ च्या रीमेकमध्ये तोच देह काही वेळाने उठतो, लालभडक होऊन, आणि आधीपेक्षा कितीतरी वेगाने अंगावर येतो. तो उठू नये म्हणून एक तर डोकं उडवावं लागतं किंवा रॉकेल टाकून जाळावं लागतं, आणि रॉकेल मोजकंच मिळतं. रेझिडेंट ईव्हिल २ म्हणजे १९९८ चा की २०१९ चा, रेझिडेंट ईव्हिल ४ म्हणजे २००५ चा की २०२३ चा, सायलेंट हिल २ म्हणजे २००१ चा की २०२४ चा, हे कळल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका.

प्रश्न कुठे घ्यायचे

स्वतःचा नंबर देऊ नका. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा: "प्रश्न मिळाला. नाव देवनागरीत लिहून पाठवा. भागात नाव घेतलेलं चालेल का, तेही कळवा." देवनागरीचा हट्ट उगाच नाही. रोमन लिपीत काळे आणि काले एकच दिसतात, आणि आपल्याकडे आडनाव चुकवलं की उरलेलं उत्तर कुणी ऐकत नाही. 'सेव्ह करायला वेळ लागतो' यातला वेळ 'वेल' असा वाचला गेला, की सूत्रसंचालकाचं हसं होतं ते वेगळंच.

लेखी प्रश्नांसाठी गूगल फॉर्म ठीक आहे, पण त्यात फाइल चढवायचा रकाना ठेवलात तर समोरच्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. तिथेच बरेच जण सोडून देतात. आवाजासाठी व्हॉट्सॲप, मजकुरासाठी फॉर्म, अशी वाटणी करा.

आलेला प्रत्येक प्रश्न एका शीटमध्ये उतरवा. रकाने: नाव, गाव, गेम, वर्ष, कशावर खेळला, कुठपर्यंत पोचला, उत्तरात काय फुटेल. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे. रेझिडेंट ईव्हिल २ मधल्या पोलीस स्टेशनातच अडलेल्या माणसाला प्रयोगशाळेत काय आहे ते सांगायचं नसतं. उत्तर त्याच्या जागेपर्यंतच द्यावं. त्यापुढचं सांगणं भागच असेल, तर आधी "इथून तीन मिनिटं पुढे जा" असं बोला आणि वर्णनातही वेळ लिहा.

तासाभराच्या भागात आठ प्रश्न बसतात: अर्ध्या मिनिटाचा प्रश्न, पाच-साडेपाच मिनिटांचं उत्तर, उरलेला वेळ सुरुवात-शेवटाला. बारा घेतले की उत्तरं यादी वाचल्यासारखी होतात. एकाच जागेवर चार जण अडले असतील तर चौघांची नावं घ्या, उत्तर एकदाच द्या.

हॉररच्या प्रश्नांची उत्तरं

गोळ्या पुरत नाहीत, हा प्रश्न कायम येणार. "जपून वापरा" हे काही उत्तर नव्हे. २०१९ च्या रेझिडेंट ईव्हिल २ साठी नेमकं सांगता येतं. प्रत्येक झोंबी मारायचा नसतो. गुडघ्यावर गोळ्या घालून तो खाली पाडा आणि बाजूने निघून जा. ज्या बोळातून पुन्हा पुन्हा जायचं आहे तिथल्या खिडक्यांना फळ्या ठोका, कारण बाहेरचे झोंबी तिथूनच आत येतात. बंदुकीच्या साध्या दारूच्या दोन डब्या एकत्र केल्या की पिस्तुलाच्या गोळ्या होतात. नकाशात खोली लाल दिसत असेल तर तिथे अजून काहीतरी शिल्लक आहे, निळी झाली की परत जायचं कारण नाही. सुरी नुसती भोसकायला नाही, झोंबीने पकडल्यावर सुटायलाही कामाला येते, पण वापरून वापरून ती मोडते.

त्याच गेममधला तो टोपीवाला धिप्पाड पाठलाग करायला लागला की निम्मे लोक गेम बंद करतात. त्यांना पावलांचा आवाज ऐकायला सांगा: हेडफोन लावला तर तो वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या बोळात, ते कळतं. छोट्या सेव्हच्या खोलीत तो शिरत नाही. मुख्य हॉलमध्ये मात्र टायपरायटर (त्यावर गेम सेव्ह होतो) असूनही येतो, आणि फसतात ते तिथेच. एवढं करूनही जमत नसेल तर अवघडपणा 'असिस्टेड'वर आणायला सांगा. त्यात नेम धरायला मदत मिळते आणि तब्येत काही प्रमाणात आपोआप भरते. यात कमीपणा मानायचं कारण नाही आणि भागात तशी थट्टाही करू नका, नाहीतर पुढच्या वेळी खरा प्रश्न कुणी पाठवणार नाही. 'हार्डकोर'मध्ये उलटं आहे: सेव्ह करायला शाईची रिबन लागते आणि आपोआप सेव्ह होत नाही. कोणता अवघडपणा ते आवाहनातच विचारायचं ते यासाठी.

"जुन्या गेममध्ये माणूस ट्रॅक्टरसारखा का वळतो?" हा प्रश्न तरुण श्रोत्यांकडून येतो. त्याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. १९९६ च्या रेझिडेंट ईव्हिलमध्ये मागची दृश्यं आधीच तयार केलेली चित्रं होती, त्यामुळे कॅमेरा ठरलेल्या जागीच बसायचा आणि माणूस पुढे गेला की झटकन दुसऱ्या कोनावर उडी मारायचा. 'वर'चं बटण म्हणजे पडद्याची वरची बाजू असं धरलं असतं, तर प्रत्येक उडीला दिशा उलटली असती. म्हणून 'वर' म्हणजे त्या माणसाचं नाक जिकडे, तिकडे. पंधरा मिनिटं सवय केली की हात बसतो. सायलेंट हिलचं धुकंही असंच. १९९९ च्या प्लेस्टेशनला लांबचं शहर काढणं झेपणारं नव्हतं, ते धुक्याने झाकलं, आणि धुकंच त्या गावाची ओळख होऊन बसलं. मग राक्षस दिसणार कसा? दिसण्याआधी खिशातला रेडिओ खरखरतो. अशा उत्तरासोबत पाच सेकंदांचा नमुना वाजवला तर शंभर शब्द वाचतात.

डेड स्पेस या गेमबद्दल "डोक्यात गोळ्या घालूनही राक्षस मरत नाहीत" अशी तक्रार आली तर उत्तर एका ओळीचं: हातपाय तोडा.

एलियन: आयसोलेशनसाठी (२०१४) थोडा जास्त वेळ राखून ठेवा. त्यात एक परग्रहावरचा प्राणी तुमचा माग काढतो. "त्याला नेहमी कसं कळतं मी कुठे आहे?" या शंकेत तथ्य आहे. गेममध्ये दोन डोकी, म्हणजे प्रोग्रॅमचे दोन वेगळे भाग आहेत. एकाला तुमची जागा सतत माहीत असते आणि ते प्राण्याला अधूनमधून त्या बाजूला ढकलतं. दुसरं प्राण्याचं स्वतःचं, त्याला मात्र डोळ्या-कानांनीच शोधावं लागतं. म्हणजे एकाच कपाटात लपून बसणं हा उपाय नव्हे, तो त्या परिसरात घिरट्या घालतच राहणार. फ्लेमथ्रोअरने तो पळतो, मरत नाही. सेव्ह करायलाही कार्ड घालून काही सेकंद उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात मागून येऊन तो मारू शकतो. प्लेस्टेशन ४ च्या कॅमेऱ्याचा किंवा एक्सबॉक्स वनच्या किनेक्टचा माइक चालू ठेवायची सोय त्यात आहे. मग तुमच्या खोलीतला खरा आवाजही त्याला ऐकू जातो. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असेल तर ती सोय बंद ठेवलेली बरी.

आईवडिलांकडूनही प्रश्न येतात: "मुलगा बारा वर्षांचा आहे, हे खेळू देऊ का?" इथे गुळमुळीत बोलू नका. २०१९ च्या रेझिडेंट ईव्हिल २ वर गेमचं वय ठरवणाऱ्या संस्थांपैकी युरोपच्या पेगीचा १८ चा शिक्का आहे, अमेरिकेच्या ईएसआरबीचा १७ आणि त्यावरचा. नाही म्हणा आणि कारण सांगा. मुलांनी स्वतः पाठवलेल्या प्रश्नात नाव, शाळा, सोसायटी यातलं काहीही भागात जाऊ देऊ नका.

रेकॉर्डिंग

पुण्यात रेकॉर्डिंगला सगळ्यात चांगली वेळ दुपारी एक ते चार. त्या वेळेवर पुणेकरांना ऐकवले जाणारे टोमणे इथे प्रथमच उपयोगी पडतात: दुकानं बंद, गल्ली शांत. गुरुवार मात्र टाळा, महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात आणि ऐन उत्तरात वीज जाते. गणेशोत्सवाआधीचे दीड-दोन महिने संध्याकाळीही बसू नका. नदीपात्राच्या आसपास राहत असाल तर पथकांचा सराव थेट माइकात येतो. ढोलाचा खालचा घुमारा फिल्टरने कापता येतो, ताशाचा कडकडाट बोलण्याच्याच पट्ट्यात असतो, तो निघत नाही.

घरच्या खोलीत कंडेन्सर माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा, तो लांबचं कमी उचलतो. तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका. दोघं एकाच खोलीत असाल तर दोन माइकांमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकमेकांचा आवाज डब्यातून आल्यासारखा मिसळतो. जाड गोधडी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, माइकच्या पाठीमागे नाही. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागची भिंतच त्याला ऐकू येते. पातळ चादरीने काही साधत नाही, वरची सळसळ तेवढी जाते. पंखा बंद.

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. बोलताना सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू दे. भीतीचा किस्सा सांगताना माणूस ओरडतो, ती जागा वर ठेवलेली असावी.

श्रोत्यांचा आवाज

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपस प्रकारात येते. ऑडासिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत ती उघडली नाही तर एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर जोडा. स्क्रीन रेकॉर्डिंग करून किंवा स्पीकरसमोर दुसरा फोन धरून ती घेऊ नका, आधीच दाबलेला आवाज आणखी खराब होतो.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांची नोट आली असं धरू. "हॅलो, येतोय का आवाज" कापा. "तुमचा पॉडकास्ट खूप आवडतो" एकदाच राहू दे. मग तो लहानपणी सायबर कॅफेत काय खेळायचा ते येतं, तेही कापा. "तर मी त्या तळघरात शिरलो आणि दिवा गेला..." इथून पुढे हात लावू नका. मध्ये तो श्वास घेतो, "अरे यार" म्हणतो, ते राहू द्या. तेवढ्यावरच भीती कळते. शेवटी पस्तीस सेकंद उरतात.

सफाईचा क्रम पाळा. आधी ९० हर्ट्झच्या खालचं कापा. मग सुरुवातीच्या त्या दोन शांत सेकंदांवरून खोलीच्या आवाजाचा नमुना घ्या आणि नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबलच लावा. २० लावलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. आवाजाची पातळी सगळ्यात शेवटी तुमच्या बरोबरीला आणा. हे आधी केलं तर खरखरही सोबत वर येते.

पूर्ण भाग स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप), मोनो असेल तर उणे १९, ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबल. गेममधली किंकाळी वाजवणार असाल तर ती बोलण्यापेक्षा जोरात ठेवू नका आणि आधी सांगा. ऐकणारा पीएमपीएमएलच्या बसमध्ये उभा असतो, एका हाताने दांडी धरून. नुसत्या बोलण्याचा भाग मोनो, ९६ केबीपीएसचा एमपी३ केलात तर तासाला सुमारे ४३ एमबी होतात, ६४ वर २९. गेमचे नमुने असतील तर ९६ च्या खाली जाऊ नका, रेडिओची खरखर ६४ वर चिखल होते.

भाग गेला की ज्यांचे प्रश्न घेतले त्यांना मिनिट-सेकंद कळवा, आणि ज्यांचे राहिले त्यांना दोन ओळींत उत्तर लिहून पाठवा. महिन्याभराने त्यांना पुन्हा विचारा, ते तळघर ओलांडलं का.