बदकाच्या आवाजातून माणूस कसा शोधावा: एएम आणि एसएसबी कानाने शिकण्याची रीत

हॅम रेडिओ (हौशी लोकांचा एकमेकांशी बोलायचा रेडिओ) घेतला तेव्हा पहिले दोन दिवस मी 7 मेगाहर्ट्झवर कुठली परदेशी भाषा चालली आहे म्हणून कान देऊन बसलो होतो. तिसऱ्या दिवशी चुकून एक बटण दाबलं गेलं आणि ती परदेशी मंडळी शुद्ध मराठीत पावसाचं बोलू लागली. मी उलट्या साइडबँडवर, म्हणजे लहरीच्या चुकीच्या बाजूवर होतो. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

रावेर-सावद्याकडे पूर्वी केळीचे अख्खे घड वॅगनमध्ये भरत. आता फण्या कापून खोक्यांत घालतात, दांडा शेतातच राहतो. एएम, म्हणजे आकाशवाणीसारख्या स्टेशनांची जुनी रीत, हा अख्खा घड. मधला दांडा हा कॅरिअर (मूळ लहर), त्याच्या दोन्ही बाजूंना साइडबँड (आवाजाचे पट्टे), आणि दोन्हींत माल एकच. 100 वॉटच्या कॅरिअरवर एकाच सुराचं पूर्ण मॉड्युलेशन केलं (म्हणजे आवाज पूर्ण चढवला), तर दोन्ही साइडबँडना मिळून 50 वॉट मिळतात. कॅरिअरचे 100 वॉट नुसता दांडा वाहून नेण्यात जातात. एसएसबीत (एकाच साइडबँडच्या रीतीत) दांडा काढतात, एक बाजूही काढतात आणि उरलेली एकच बाजू पाठवतात. जागाही निम्मी लागते: एएमला साधारण 6 किलोहर्ट्झ, एसएसबीला 3 च्या आत. फक्त पलीकडच्याला दांडा स्वतःचा लावावा लागतो. तो रिसीव्हरच तयार करतो. नेमक्या जागी बसवायचं काम तुमच्या बोटांचं.

यासाठी एसएसबीची सोय असलेला कोणताही शॉर्टवेव्ह रेडिओ चालेल. तो नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर मोबाइलवर उघडा. रिसीव्हर तिकडे, डायल तुमच्या हातात.

सुरुवात थेट हॅम बँडवर करू नका. आधी एखादं जोरदार एएम प्रसारण धरा. (आमच्या लहानपणी 963 किलोहर्ट्झवर जळगाव आकाशवाणी लावली की डायल थोडा इकडेतिकडे झाला तरी गाणं चालूच राहायचं.) आता मोड एलएसबी (लोअर साइडबँड, खालची बाजू) करा आणि डायल स्टेशनच्या किलोहर्ट्झभर वर न्या. शिट्टी ऐकू येईल. हळूहळू खाली या. शिट्टी जाड होत जाईल, मग नुसती गुरगुर, मग शांतता, आणि त्या शांततेत आवाज स्वच्छ. तुमचा दांडा त्यांच्या दांड्यावर बसला. डायलला हात न लावता यूएसबी करा (केबलचं नव्हे, अप्पर साइडबँडचं, म्हणजे वरची बाजू). तोच निवेदक, तेच वाक्य! हा खेळ दहा वेळा करा. पुस्तकातल्या आकृत्यांनी मला जे कळलं नव्हतं ते या शिट्टीने कळलं.

मग 40 मीटर बँडवर या. आपल्याकडे तो 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ. मोड एलएसबी. 10 मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी, असा हॅम लोकांचा जुना रिवाज आहे. इथे मदतीला शिट्टी नाही, कॅरिअरच नाही ना. बदकासारखा आवाज आला की थांबा आणि 10-20 हर्ट्झच्या पायरीने सरका. एलएसबीत आवाज चिरका वाटला तर डायल खाली, घोगरा वाटला तर वर. यूएसबीत नेमकं उलट. दिवसा दोन-चारशे किलोमीटरचे आवाज येतात, अंधार पडल्यावर लांबचे.

अँटेनासाठी तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मधून कोअॅक्स केबल. विजेच्या तारांपासून लांब बांधा, एवढं पुरे. खरी कटकट गोंगाटाची. एलईडी दिवे, सोलरचा इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, सगळे बँडवर खरखर ओततात. भारनियमनाला शिव्या देणारा माणूस मी, पण लाइट गेली की 12 व्होल्टच्या बॅटरीवर रेडिओ लावतो, तेव्हा जे ऐकू येतं ते एरवी नाही.

ऐकून कान तयार झाले की बोलायचं. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना हवा. त्याशिवाय पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबणं गुन्हा आहे.

एसएसबीत गप्प बसलात की पॉवरचा काटा शून्यावर, बोललात की नाचतो. तो सतत टोकाला चिकटला म्हणजे आवाज दमदार झाला असं नाही. माइक गेन (माइकचा आवाज) एवढाच ठेवा की मोठ्याने बोलताना एएलसीचा (जास्त आवाज आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा जरासा हलेल. जास्त केलात तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचे लोक नाव घेऊन सांगतात. एएमवर बोलायची हौस असेल तर 100 वॉटच्या सेटवर कॅरिअर 25 वॉटच ठेवा. पूर्ण मॉड्युलेशनला पॉवरचं शिखर कॅरिअरच्या चौपट होतं.

आणि बँडच्या कडेला सांभाळा. एलएसबीत तुमचा आवाज डायलच्या आकड्याच्या खाली पसरतो. आकडा 7.001 दाखवत असेल, तर तुम्ही बँडच्या बाहेर बोलताय. 20 मीटरवर (14 मेगाहर्ट्झच्या बँडवर), यूएसबीत, हीच गत वरच्या टोकाला: 14.350 ला बँड संपतो, म्हणून आकडा 14.347 च्या वर नेऊ नका.