वाटी भरलेली दिसते पण दाणा नसतो, लव्हबर्ड्सचा माझा अनुभव

आमच्याकडे डिचोलीला लव्हबर्ड्सची एक जोडी आहे. जूनमध्ये पाऊस लागला आणि मादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागली, वाटी तर भरलेली दिसायची म्हणून मी दोन दिवस लक्षच दिलं नाही, तिसऱ्या दिवशी सहज फुंकर मारली तर वरची सगळी फोलपटं उडाली आणि खाली जेमतेम चिमूटभर राळा, तोही कुबट वासाचा! खूप वाईट वाटलं हो. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि साल वाटीतच टाकतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलंच, पक्षी आजार लपवतात त्यामुळे थांबू नका. जुना दाणा सगळा फेकला. आता आठवड्यापुरताच आणते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, रोज सकाळी वाटी पाखडते. नुसत्या दाण्यावर जीवनसत्त्व अ कमी पडतं म्हणून शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर देते, उरलेलं दुपारी काढते, आपल्या दमट हवेत लगेच खराब होतं. कॅल्शियमला पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुल माशाचं पांढरं हाड) टांगलाय. अवोकाडो, चॉकलेट अजिबात नको, विषारी असतं. नॉनस्टिक तवा तापला तर त्याच्या धुरानेही पक्षी मरतात, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नका.

काल ती परत नराच्या मानेची पिसं विंचरत होती.