घरगुती बिअरचं जुगाडू सामान: या चुका टाळा

आधी कायदा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरापुरतं असलं तरी. म्हणून हे ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्राची परवानगी 1978 च्या कायद्याने आली, पण आपल्या राज्याचे नियम पाहून घ्या. भट्टी लावून दारू गाळणं मात्र दोन्हीकडे परवान्याशिवाय गुन्हाच.

सामानाचा ढोबळ नियम असा: वर्ट, म्हणजे मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, उकळेपर्यंत वाटेल तो जुगाड करा. उकळी जंतूंचं बघून घेते. तो थंड झाला की कंजूषपणा महागात पडतो.

मॉल्ट 65 ते 68 अंशांवर तासभर भिजवायला सहलीचा कूलर बॉक्स उत्तम. पण थंड बॉक्समध्ये गरम पाणी ओतलं की तापमान लगेच घसरतं. आधी उकळतं पाणी घालून बॉक्स तापवा, ते काढून टाका, मग सुरुवात करा. गाळणीसाठी नळाच्या लवचीक पाइपावरची स्टीलची जाळी काढून वापरतात. आतला रबर पूर्ण ओढून काढा, आणि जाळी खरोखर स्टीलची आहे ना ते बघा. स्टीलसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्याही मिळतात. गरम मॉल्टच्या वजनाखाली त्या चपट्या होतात आणि गाळणं ठप्प. खरं तर पहिल्या वेळी मोठं पातेलं आणि मलमलीची पिशवी पुरे.

अॅल्युमिनियमचं पातेलं चालतं, फक्त घासून चकचकीत करू नका. वरचा करडा थर राहू द्या, नाहीतर चवीला धातू लागतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नकोच. आम्लाने जस्त सुटतं.

आंबवायच्या बादलीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तळाच्या त्रिकोणातला 2 हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, ते अन्नासाठी आहे असं नाही. ब्रिटन-युरोपात पेला आणि काट्याचं चिन्ह शोधा. बेकऱ्यांकडे आयसिंगच्या रिकाम्या बादल्या असतात, विचारायला लाजू नका. लोणच्याची बादली घेऊ नका, तो वास जात नाही. तारेच्या घासणीने आतून घासू नका. ओरखड्यांत जंतू दडतात.

झाकण घट्ट बंद करणं ही धोकादायक चूक. 20 लिटर मध्यम कडक बिअर आंबताना साधारण 350 ते 400 लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकणाला भोक पाडून त्यातून नळी काढा आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, झाला एअरलॉक: गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. नळी जाड घ्या, बारीक नळी फेसाने तुंबते. बाटलीत पाणी थोडंच ठेवा, कारण बादली गार झाली की ते उलटं आत ओढलं जातं.

बुडबुडे येत नाहीत? यीस्ट मेलं असं समजून पुन्हा यीस्ट घालायची घाई नको. बहुतेकदा झाकणाच्या कडेतून गॅस निसटत असतो. इथे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते सांगणारं साधन, लागतो. तो घरी बनवत बसू नका, विकत घ्या.

बिअरला दवाखान्यासारखा, बँडेजचा वास आला तर बऱ्याचदा ब्लीच नीट धुतलं गेलेलं नसतं. ब्लीचमधल्या क्लोरीनची यीस्टने तयार केलेल्या फिनॉल नावाच्या रसायनांशी गाठ पडली की हा वास येतो आणि तो काढता येत नाही. न धुता चालणारं निर्जंतुक द्रावण घ्या.

बाटल्या मात्र जुगाडाच्या नकोत. जॅमच्या, सॉसच्या, वाइनच्या बाटल्या दाबासाठी नसतात. फुटल्या तर काचा उडतात. सोड्याच्या पेट प्लास्टिकच्या बाटल्या फुकट आणि सुरक्षित. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतराने सारखाच आला, म्हणजे आंबणं संपलं, तरच भरा. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम साखर, तीही वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नाही. बाटली रोज दाबून बघा: दगडासारखी टणक झाली की फ्रिजमध्ये.