जुनं आउटबोर्ड इंजिन पुन्हा सुरू केलं

1950च्या दशकातलं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. दोरी ओढली की मोकळं फिरायचं, पण पेटायचं नाही. काँप्रेशन (आतला दाब) दोन्ही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं आलं, म्हणजे इंजिन शाबूत होतं. संशय थेट इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर.

फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, पुलर (ओढून काढायचं अवजार) लावूनच उतरवलं; हातोडीने ठोकून काढायचा मोह कृपा करून आवरा, क्रँकशाफ्ट खराब होतो. खाली मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) दोन्ही कॉइलना तडे गेलेले, वरचं आवरण नखाने सुटत होतं. या वयाच्या कॉइलचं हे ठरलेलं दुखणं. तड्यात ओल शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता बॉडीला निसटते. कॉइल आणि कंडेन्सर नवे टाकले. पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर, राखाडी थर होता. तो बारीक पॉलिश पेपरने घासला, कोऱ्या कागदाने पुसला आणि गॅप 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवला. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली आणि टचकन निळी ठिणगी पडली. काय आनंद झाला!

कार्ब्युरेटर नुसता साफ करून भागलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचा रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) मात्र डोळे झाकून बदला. माझ्या इंपेलरची पाती एकीकडे मुडपून लाकडासारखी कडक झाली होती. गिअरकेसचं (खालच्या गिअरच्या पेटीचं) ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरत होतं, म्हणून सीलही बदलले.

या इंजिनाला 24 भाग पेट्रोलला 1 भाग टू-स्ट्रोक ऑइल लागतं. 50:1 चालणार नाही, बेअरिंग कोरडी पडतात. चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपातच घ्या. कोरडं चालवलं तर नवा इंपेलर लगेच जळेल.